'प्रभूचा बंधू याकोब': बंधू म्हणजे सख्खा का?

प्रश्न असा आहे की बायबलच्या नव्या करारात, आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, 'प्रभूचा बंधू याकोब' असा उल्लेख येतो, तर हा बंधू म्हणजे येशूचा सख्खा भाऊ, की भाषणात 'बंधूभगिनींनो' म्हणतात तसला, आणि मूळ ग्रीक शब्द कुठला.

भाषणातला बंधू नाही एवढं तर नक्की. कारण पौल करिंथकरांना लिहिताना (पहिलं पत्र, नववा अध्याय) 'बाकीचे प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा' असं वेगवेगळं मोजतो. केफा म्हणजे येशूचा पट्टशिष्य पेत्रच, अरामी नाव, खडक. नुसता धर्मबंधू असा अर्थ असता तर पेत्रही भाऊच झाला असता ना, मग वेगळं कशाला सांगायचं? म्हणजे नातं घरातलं आहे. आता घरातलं म्हणजे किती जवळचं, इथे खरी गंमत आहे.

मूळ शब्द 'अदेल्फोस'. यातला 'अ' नकाराचा नाही, आपल्या 'सह'मधल्या 'स'चा तो ग्रीक अवतार, आणि 'देल्फीस' म्हणजे गर्भाशय. एका पोटचे. संस्कृतातला 'सगर्भ्य' याच मुळाचा, आणि आपला 'सहोदर' त्याच चालीवर. हे वाचलं की लोक लगेच म्हणतात झालं, सख्खाच! पण शब्द कशावरून निघाला आणि माणसं तो कसा वापरतात यात फरक असतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा, तिसऱ्या ओवीत येशूच्या भावांची नावं आहेत, याकोब, योसे, यहूदा, शिमोन, आणि तिथून चौदा ओव्या खाली गेलं की हेरोद राजाचा 'भाऊ' फिलिप्प भेटतो, तोही अदेल्फोसच, पण या दोघांच्या आया वेगळ्या, बाप तेवढा एक. म्हणजे सावत्र भावालाही हाच शब्द चालायचा, गर्भाशय एक असो नसो.

चुलत-मावसला चालायचा का? इथे दोन बाजू आहेत. हिब्रू-अरामीत 'आह', 'अहा' हा शब्द आपल्या भाऊबंदाइतका सैल आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम लोटाला आपण भाऊ आहोत असं म्हणतो, आणि लोट त्याचा सख्खा पुतण्या! जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही तिथे अदेल्फोसच ठेवलाय. आपल्याकडेही लग्नात कोणी 'हा माझा भाऊ' अशी ओळख करून दिली की पुढचा प्रश्न येतोच, 'सख्खा का?', मग कळतं की आतेभाऊ आहे. भाऊबीजेच्या ताटासमोर तर कोणी विचारतही नाही.

दुसरी बाजू अशी की ग्रीकमध्ये चुलत-मावस भावाला वेगळा शब्द होता, 'अनेप्सिओस', आणि तो नव्या करारात आलाय, कलस्सैकरांच्या पत्रात, मार्क हा पौलाचा सोबती बर्णबा याचा अनेप्सिओस. (हाही शब्द भारी आहे, यातला 'नेप्सि' म्हणजे संस्कृत 'नप्तृ', आपला 'नातू', म्हणजे एकाच आजाचे नातू.) आता मराठीत आणताना पंचाईत, कारण चुलत, आते, मामे, मावस यातलं एक निवडावं लागतं आणि ग्रीक शब्द ते सांगतच नाही. जुन्या इंग्रजी बायबलने तर सरळ बहिणीचा मुलगा करून टाकलं, म्हणजे बर्णबा मामा आणि मार्क भाचा. पण नातं कळल्यावर एक कोडं सुटल्यासारखं वाटतं. 'प्रेषितांची कृत्ये'च्या पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा यांचं कडाक्याचं भांडण होतं, का तर बर्णबाला मार्कला सोबत न्यायचंय आणि पौल म्हणतो हा पंफुल्यात आपल्याला सोडून गेला होता, याला नको. शेवटी बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. तिथे नात्याचा उल्लेखच नाही! घरच्या पोराची बाजू घेतली असं मी म्हणेन, अर्थात हा माझा अंदाज.

तर याकोबाचं काय. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने इ. स. 383 च्या सुमारास चुलत-मावस भाऊ हे मत मांडलं, कॅथलिक परंपरा त्याच बाजूची. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी येशूची आई मरिया हिचा नवरा योसेफ, त्याच्या आधीच्या बायकोची मुलं, म्हणजे सावत्र, असं मानतात. आजचे बहुतेक प्रोटेस्टंट सख्खा, म्हणजे मरियेच्याच पोटचा म्हणतात. त्यामुळे वसईच्या कॅथलिक घरात आणि नगरच्या प्रोटेस्टंट घरात हाच प्रश्न विचारलात तर उत्तर वेगळं मिळेल. मला विचाराल तर चुलत-मावस पटत नाही. अरामी सवयीमुळे सैल शब्द आला म्हणावं, तर पौल भाषांतर करत नव्हता, तो ग्रीकमध्येच लिहीत होता. आणि योसेफस हा ज्यू इतिहासकार, ख्रिस्ती नसलेला, तोही इ. स. 62 मध्ये दगडमार झालेल्या याकोबाला येशूचा अदेल्फोसच म्हणतो. सख्खा की सावत्र, हे मात्र शब्दावरून ठरणार नाही, तिथे श्रद्धा आणि परंपरा सुरू होते.

याकोब नावाचा घोळ राहिला. येशूच्या बारा शिष्यांत, म्हणजे प्रेषितांत, दोन याकोब, एक जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, ज्याला हेरोद अग्रिप्पाने (वरचा हेरोद वेगळा) तलवारीने मारलं, आणि दुसरा अल्फीचा. प्रभूचा भाऊ तिसरा, निदान बहुतेक अभ्यासक तिसराच धरतात, जेरोमच्या हिशेबात तो आणि अल्फीचा एकच. मग तो प्रेषित होता का? पौलाचं वाक्य साधारण असं आहे, 'प्रेषितांपैकी दुसरा कोणी मला दिसला नाही, प्रभूचा बंधू याकोब याच्याखेरीज'. आता 'शाळेतलं कोणी भेटलं नाही, शिपायाखेरीज' म्हटलं तर शिपाई शाळेतलाच, पण 'मास्तरांपैकी कोणी भेटलं नाही, शिपायाखेरीज' यात शिपाई मास्तर होत नाही. ग्रीक वाक्यही दोन्हीकडे झुकतं.