वाचायचं खूप पडलंय, पण पुढचं कोणतं हे ठरतच नाही. तुम्ही कसं ठरवता?

तुम्ही लिहिलंय, वीसेक पुस्तकं घरात आहेत, एक उचललं की दुसरं खुणावतं आणि शेवटी एकही होत नाही. माझ्याकडेही अशी रांग आहे. बरीचशी कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांतली. बेळगावच्या आसपास गावोगावी ही साहित्य संमेलनं भरतात. मांडवात वक्ता एखाद्या कादंबरीवर असा काही रंगतो की उठायचं, स्टॉल गाठायचा, पिशवी भरायची. घरी येईतो वक्त्याचा आवाज कानातून गेलेला आणि पिशवीत नुसतं ओझं. त्यातली चार अजून उघडलेली नाहीत.

तेव्हापासून मी दुसऱ्याच्या शिफारशीवर पुढचं पुस्तक ठरवत नाही. जे नुकतं संपलं, त्यातलं काय डोक्यात राहिलं तेवढं बघतो.

जी. ए. कुलकर्णींचं 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' मी खानापूर-बेळगाव बसमध्ये वाचलं. त्यांच्या गूढ कथांना मी जरा बिचकूनच होतो, पण यात त्यांचं बेळगावातलं लहानपण आहे. संपल्यावर वाटलं, या गावात बसून आणखी कोणी काय लिहिलं? मग इंदिरा संतांचं 'गर्भरेशीम' आणलं. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कवितासंग्रह. ते मात्र बसमध्ये जमेना. दोन ओळी वाचून खिडकीबाहेर बघत बसावं लागतं, तेवढ्यात कंडक्टर सुट्टे मागतो. रात्री घरी वाचलं, सावकाश.

पुढचा धागा कन्नडचा. बाजारात मी कन्नड बोलतो, पण वाचायला घेतलं की बसच्या पाटीसारखं एकेक अक्षर जुळवत जातो. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. त्यांचे यजमान विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे आणि त्या ते ऐकून मराठीत उतरवायच्या, हे कळल्यावर आपलंच कोणीतरी भेटल्यासारखं झालं. मग कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'वंशवृक्ष' उमाताईंच्या मराठीतून. त्यातले नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून सध्या नवीन काही घेतलेलं नाही. घाई कसली?

धागा तुटतोही, नाही असं नाही. तेव्हा मी वाचनालयात कपाटांकडे फिरकतच नाही. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांची रास असते, ती चाळतो. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांचे शिक्के दाटीनं पडलेले असले तर ते पुस्तक घरी येतं. एकदा असं आणलेलं निघालं लोणची-मुरंब्यांचं. आईनं ते महिनाभर सोडलं नाही, दंड मी भरला.

तुमच्या वीसांची नावं नकोत. शेवटचं पुरं वाचलेलं कोणतं, तेवढं सांगा की.