दोन घासांच्या मधे

"मॅडम, रोज पहाटे तासभर देवापुढे बसतो. आणि नऊ वाजायच्या आत वडिलांवर ओरडून मोकळा होतो. मग ही भक्ती ढोंगीच म्हणायची ना?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत असतो. कधी सून विचारते, कधी आजारी बायकोचा नवरा. श्रद्धा आहे तर चिडचिड का होते, सोसवत का नाही, हीच सगळ्यांची बोच. हे गृहस्थ पन्नाशीचे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, त्यासाठी रात्रीही गजर लावायचे. सगळं ते एकटे करत होते, आणि 'एकटा' म्हणताना त्यांची मान किंचित ताठ व्हायची. ते मी पाहिलं. अर्थ लागला तो पुढे.

पहिल्या भेटीत मी चुकलेच. स्वतःसाठी वेळ काढा, झोप पूर्ण करा, अशी आमची ठरलेली टेप लावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वेळ मागायला नाही आलो मी. सहन करायची ताकद मागायला आलोय." मी वही मिटली.

दुसऱ्या भेटीत दिवस उलगडून घेतला. राग दिवसभर नव्हताच. तो यायचा भरवताना. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू कमजोर होतात. पाठ सरळ ठेवून बसवायचं, अर्धा चमचा घास द्यायचा, तो गिळल्याची खात्री करायची, मगच पुढचा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. एका जेवणाला पाऊण तास. हे गृहस्थ दोन घासांच्या मधे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. त्यात वडिलांच्या तोंडून एरवी धड एक शब्द फुटत नसे, शिवी मात्र खणखणीत बाहेर पडायची.

"बोलता येत नाही म्हणतात, मग शिव्या कशा येतात? मुद्दाम करतात."

मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा गेली, की विचार करून बोलायचं वाक्य जुळत नाही. पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. आकडे, वारांची नावं, प्रार्थना, गाणी आणि शिव्या. ते ओठांवर आपसूक येतं. त्यात दर वेळी हेतू असतोच असं नाही. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आठ महिने मी ज्या शिव्यांना उत्तरं देत होतो, त्या मला नव्हत्याच?"

नेमक्या माहितीनं जेवढा धीर येतो, तेवढा उपदेशानं येत नाही, असं माझं मत होत चाललंय.

देवाचा विषय त्यांनीच काढला. "मी तर सगळं त्याच्यावर सोडलंय." मी विचारलं, जवळच राहणाऱ्या बहिणीला हाक का मारत नाही? "तिला नीट जमायचं नाही." मान पुन्हा ताठ झाली, आणि या वेळी मला अर्थ लागला. सोसण्याचाही एक अहंकार असतो. तो दिसायला साजरा असतो, म्हणून पकडायला अवघड जातो. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली संकटाला तोंड देण्याच्या तीन रीती मांडल्या: सगळं देवावर टाकणं, सगळं स्वतः करणं, आणि देवाला सोबत घेऊन आपला वाटा उचलणं. हे तोंडानं पहिली रीत बोलत होते आणि हातानं दुसरी चालवत होते. तसं म्हटल्यावर ते हसले. बरं वाटलं मला.

ठरवलं ते थोडकंच. पहाटे ते 'जन्मभर पुरेल अशी सहनशक्ती दे' असं मागायचे. ते बदलून 'आजचं भरवणं निभावून ने' एवढंच मागायचं. भरवताना घड्याळ पाठीमागे येईल असं बसायचं. प्रत्येक घासानंतर, वडील गिळेपर्यंत, देवाचं नाव एकदा, सावकाश घ्यायचं. थांबायचं तर होतंच. आणि आठवड्यातल्या दोन दुपारी बहिणीच्या.

या शेवटच्या गोष्टीला तीन आठवडे लागले. बहीण पहिल्यांदा भरवायला बसली तेव्हा हे दारात उभे राहून चारदा सूचना देऊन गेले. पाचव्यांदा स्वतःचंच स्वतःला कळलं आणि गच्चीवर जाऊन बसले. राग त्यानंतरही यायचाच. पण आवाज चढला की खाली बसून वडिलांना "चुकलं माझं" म्हणायला लागले. त्या घरात बापापुढे हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांच्या मते रात्रीच्या गजरांपेक्षा हेच जड गेलं.

एक सांगायलाच हवं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ती श्रद्धेची परीक्षा समजू नका, डॉक्टरांकडे जा. आणि समोरचा धडधाकट माणूस मारत असेल, अपमान करत असेल, तर मी कुणालाच सोसायला सांगत नाही. देवाचं नाव घेऊन तर नाहीच.

चौथ्या महिन्यात ते आले ते खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले. भरवताना त्यांनी नाव घेतलं आणि समोरून तेच नाव आलं. जड जिभेनं, पण स्पष्ट. चमचा हातात तसाच राहिला.

"मग?"

"मग काय! पुढचा घास द्यायला उशीर झाला म्हणून लगेच एक शिवी हासडली त्यांनी."