पहिल्या गेटवर वाचलेले टॅग दुसऱ्या गेटवर गप्प का? आणि तज्ज्ञ ओळखायचा कसा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. पहिल्या गेटच्या रीडरवर मालाचे सगळे आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचायच्या चिपा) वाचले जातात, दुसऱ्यावर बरेचसे गायब, आणि सप्लायरचा आरएफआयडी तज्ज्ञ म्हणतोय रीडरची पॉवर वाढवा नाहीतर टॅग बदला. हा माणूस खरंच तज्ज्ञ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

धातू, पाणी, टॅगची दिशा ही टॅग न वाचण्याची नेहमीची कारणं बघून झाली असतील असं धरतो. तेच टॅग पहिल्या गेटवर नीट वाचले जातायत ना, मग मेलेले तर नाहीत. त्या माणसाला एकच विचारा, दोन्ही रीडर कुठल्या सेशनवर लावलेत आणि का?

जेन-२ मधे (रीडर आणि टॅगनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं स्टँडर्ड, आयएसओ १८०००-६३) एस-० ते एस-३ अशी चार सेशन, म्हणजे हजेरीच्या चार वेगळ्या वह्या, असतात आणि प्रत्येकासाठी टॅगमधे वेगळी खूण असते, ए किंवा बी. शाळेतल्या हजेरीसारखं आहे, एकदा 'हजर' म्हटलं की खूण ए वरून बी वर जाते आणि रीडर फक्त ए वाल्यांना बोलवत असेल तर तो टॅग गप्प बसतो. हे मुद्दामच ठेवलंय, नाहीतर अँटेनाजवळचे टॅगच सारखे बोलत बसतात आणि पेटीच्या मधल्या टॅगचा नंबरच लागत नाही. अशा टॅगला स्वतःची बॅटरी नसते, रीडरच्या फील्डमधूनच (रेडिओ लहरींतून) पॉवर मिळते. एस-० मधली खूण ही पॉवर गेली की पुसली जाते, एस-१ ची अर्ध्या ते ५ सेकंदात. एस-२ आणि एस-३ ची मात्र पॉवर मिळतेय तोवर तशीच राहते, पॉवर गेल्यावरही २ सेकंदांपेक्षा जास्त टिकते, आणि जास्तीत जास्त किती टिकावी याला स्टँडर्डमधे मर्यादा नाही.

आमच्याकडे आलेल्या कन्सल्टन्सीने (नाव घेत नाही) दोन्ही गेट एस-२ वर, टार्गेट फक्त ए, असे लावून ठेवले होते आणि मधला पॅसेज छोटा. ट्रॉली दुसऱ्या गेटला पोचेपर्यंत टॅग बी मधेच. यांनी काय केलं, पॉवर फुल्ल केली, त्यामुळे पहिल्या गेटचं फील्ड पॅसेजभर पसरलं, टॅगना सतत पॉवर मिळत राहिली आणि खूण पुसायची ती पुसेचना, म्हणजे आधीपेक्षा वाईट. मग म्हणे टॅगच हलक्या दर्जाचे आहेत. अख्ख्या मालावर नवीन टॅग चिकटवले, रिझल्ट तोच.

आणि कॉन्फिग मागितलं तर "ते आमचं आयपी (बौद्धिक संपदा) आहे". कसलं आयपी हो, सेटिंगचे चार आकडे! रीडरचा ॲडमिन पासवर्ड त्यांच्याकडे, कच्चा लॉग त्यांच्याकडे, आम्हाला फक्त हिरवा-लाल डॅशबोर्ड. नवीन टॅगच्या खर्चापेक्षा हे लपवणं आम्हाला जास्त महाग पडलं.

धागा सापडला तो ट्रॉली ढकलणाऱ्या एका पोरामुळे. तो म्हणाला, मधे बाजूला थांबवून ठेवलेल्या ट्रॉल्या दुसऱ्या गेटवर बरोब्बर वाचतात. मीटिंगमधे हसले त्याला. पण त्याचा अर्थ हाच की थांबलेल्या वेळात खूण पुसली जात होती. नंतर पहिलं गेट एस-२ वर ठेवून दुसरं एस-३ वर टाकलं, काम झालं. (दुसऱ्या रीडरने आधी सिलेक्ट कमांड देऊन खूण परत ए करून घेतली तरी चालतं.) एकच टॅग अनेक रीडरना एकमेकांत न अडकता मोजता यावा म्हणूनच तर सेशन चार आहेत.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. सर्टिफिकेटवरून शब्द येतात एवढंच कळतं. पेटीत काय आहे, ट्रॉली किती वेगात जाते, कुठल्या ट्रॉल्या हुकतात आणि कुठल्या नाही, हे जो आधी विचारतो आणि "मोजून सांगतो" म्हणतो त्याला धरून ठेवा. पॉवर दुप्पट केली तरी मोकळ्या जागेत रेंज साधारण १.४ पटच होते, आणि बंदिस्त जागेत परावर्तनामुळे होणारे मुके कोपरे त्याने जात नाहीत. हे माहीत असलेला माणूस 'शंभर टक्के रीडिंग' असं लिहून देणार नाही. शिवाय पॉवरला प्रत्येक देशात कायद्याची मर्यादा आहे, तीही बघा.

जाता जाता, टॅगचा ॲक्सेस पासवर्ड लेखी घ्या. सप्लायरने स्वतःच्या पासवर्डने ईपीसी (टॅगमधला वस्तूचा ओळख क्रमांक) लॉक केला असेल तर उद्या ते टॅग तुम्हाला पुन्हा लिहिता येणार नाहीत. करारातच टाका की कॉन्फिग फाइल, केबलची लांबी, प्रत्येक अँटेनाची पॉवर आणि काय काय करून बघितलं नि फसलं त्याची नोंद द्यायची. ही शेवटची नोंद कोणी देत नाही, मागून घ्यावी लागते.

तुमची जागा मी बघितलेली नाही, दुसऱ्या गेटची केबल सैल आहे असंही निघू शकतं. आधी फुकटातली टेस्ट करा, एक ट्रॉली पहिल्या गेटमधून काढून दोन्ही गेटच्या फील्डबाहेर चार-पाच मिनिटं उभी ठेवा आणि मग दुसऱ्यातून न्या. वाचली तर बहुतेक सेशनच. नाही वाचली तर दोन्ही गेटच्या अँटेना अदलाबदल करून बघा आणि कच्च्या लॉगमधले अँटेना नंबर आणि आरएसएसआय (टॅगकडून आलेल्या सिग्नलची ताकद) इथे टाका, बघतो.