पायलटला आकाशात दृष्टिभ्रम होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि ज्यांना दिशेचं भान मुळातच कमी आहे, त्यांनी पायलट व्हावं का?

पहिल्या भागाचं उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडेल. दुसरा भाग वाचून मात्र हातातला कप खाली ठेवला. ‘दिशेचं भान’ हे शब्द आमच्या घरात मी पंचवीस वर्षं ऐकतेय, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या. सुट्टीवर गावी आलेय, लाइट गेलीय, वेळ आहे.

दुसऱ्या भागाचं आधी सांगून टाकते. दिशेचं भान नावाची वस्तू बाहेरच्या खुणांशिवाय कुणाच्याच अंगात फार वेळ टिकत नाही. ज्याला वाटतं आपल्याकडे ती आहे, त्याला आजवर सूर्य, रस्ता नाहीतर ओळखीचं झाड दिसत आलंय, एवढंच. ते काढून घ्या आणि मग गंमत बघा. डावं-उजवं सोडा, विमानात तर वर कुठं आणि खाली कुठं तेही कळत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अलीकडे. मी नऊ वर्षांची असताना बाबांची शिदोरी घेऊन वावरात निघाले. तूर डोक्याच्या वर, आभाळ भरून आलेलं. धुऱ्याने जायचं सोडून मी तुरीच्या तासातून घुसले, लवकर पोचेन म्हणून. तीनदा त्याच बाभळीपाशी आले. तिसऱ्यांदा बाभळीखाली बसून रडले, भाकरीच्या फडक्याला सुटलेलं भाजीचं तेल फ्रॉकला पुसलं, आणि बाबांच्या वाट्याची अर्धी भाकर खाल्ली. संध्याकाळी मामाने शोधून काढलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत मामाचा तोच किस्सा: "पोट्टीले बापाचं वावर सापडत नाही!" बारावीनंतर मी पायलट व्हायचं म्हटलं तेव्हा तर त्याला उधाणच आलं. "घरची वाट समजत नाही अन् इमान चालवीन म्हन्ते!"

आता हाच मामा. मी अकरावीत होते. हिवाळ्याची रात्र, तो जागलीला गेलेला, रोही आणि रानडुकरं हाकलायला. दाट धुवारी पडली, टॉर्चचे सेल संपले. तीस वर्षं वाहिलेल्या स्वतःच्या वावरात तो रात्रभर चालत राहिला. पहाटे उजाडलं तेव्हा आपल्याच गोठ्यापासून दोनशे पावलांवर होता. घरी आणल्यावर आजीने मीठ-मिरची ओवाळून नजर काढली, मारुतीला नारळ फोडला. सगळे हळहळले, मामाला चकवा लागला म्हणून. मामाला दिशेचं भान नाही असं एकजण म्हणाला नाही. माणसाला लागला तर तो चकवा, पोट्टीला लागला तर तो बावळटपणा. हा हिशोब मला तेव्हाच खटकला होता, पण बोलायला पुरावा नव्हता.

पुरावा नंतर मिळाला. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले की वाट वाकडी झाली, काही तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधून चालायला लावलं तर कधीकधी वीस मीटरपेक्षा कमी व्यासाचा गोल. पुरुषही त्यात होते, मामांसाठी नमूद करते.

हीच गोष्ट विमानात होते, फक्त तिथं बाभळीखाली बसता येत नाही.

ज्या ठिकाणी मी शिकले त्याचं नाव घेत नाही. आजूबाजूला शेती आणि जंगल होतं, जवळ मोठं गाव नाही. अमावस्येच्या आसपासची रात्र, सेस्ना 172 हे छोटं विमान, शेजारी इन्स्ट्रक्टर, वायुसेनेतून निवृत्त झालेले सरदारजी. त्या दिवसांत हवेत धूर असतो, वावरांतल्या पऱ्हाट्या जाळतात ना, तो. वर चांदण्या, खाली मोटरपंपाच्या खोल्यांवरचे एकएकटे बल्ब, आणि दोन्ही अगदी सारखे दिसतात. आकाश कुठं संपलं आणि जमीन कुठं सुरू झाली याची रेघच नाही. एक रेघ मात्र दिसत होती, ठळक, पिवळी. मी पंख तिच्याशी समांतर केले आणि निवांत झाले.

दोन-तीन मिनिटांनी सरदारजींनी विचारलं, क्षितिज कुठाय? मी बोट दाखवलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून पेन काढून समोरच्या ॲटिट्यूड इंडिकेटरच्या, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेवर दोनदा टकटक केलं. त्यातलं छोटं विमान उजवीकडे चांगलं वीस अंश कललेलं. माझी पिवळी रेघ म्हणजे तिरपा जाणारा हायवे होता, ओळीने उभे ट्रक आणि ढाबे.

मी यंत्राप्रमाणे विमान सरळ केलं. आणि खरी मजा तिथून सुरू झाली. विमान सरळ झालं आणि माझं अख्खं शरीर ओरडायला लागलं की आता आपण डावीकडे पडतोय. मान उजवीकडे गेली, खांदा गेला, कंबरही. सरदारजी म्हणाले, "मैडम, सीट सीधी है. आप टेढ़ी बैठी हो." मला हसू आलं नाही. घसा कोरडा पडला होता. हात पुन्हा उजवीकडे वळवायला निघाला होता आणि मी तो नजरेने, म्हणजे त्या काचेवरच्या नजरेने, धरून ठेवला होता. मिनिटभराने अंग जाग्यावर आलं. खाली उतरल्यावर कळलं की सीटच्या पट्ट्याचा वळ फक्त एकाच बाजूला उठलाय.

याला आम्ही ‘लीन्स’ म्हणतो. कारण डोळ्यांपेक्षा कानात आहे. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो, त्यावरून मेंदू ओळखतो की आपण वळतोय. पण वळण सारख्या वेगाने चालूच राहिलं तर पंधरा-वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो, आणि मेंदूला वाटतं थांबलो. खरोखर थांबलात की द्रव पुढे धावतो, मग वाटतं उलटं फिरतोय. आणि विमान अगदी हळू, सेकंदाला दोनेक अंशांहून कमी गतीने कललं, तर कानाला पत्ताच लागत नाही.

1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडवायचं न शिकलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसेनासं करून विमान हाती दिलं. विसांपैकी एकालाही ते सांभाळता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आमच्याकडे चुलीवरचा चहा याहून जास्त वेळ घेतो. बहुतेकांचं झालं ते असं: वळण कळलं नाही, उंची कमी होताना दिसली, म्हणून नाक वर ओढलं, आणि कललेल्या विमानात नाक ओढलं की वळण आणखी घट्ट होतं. जमिनीपर्यंत जाणारा भोवरा.

बाकीचे भ्रम भराभर सांगते, नाहीतर म्हणाल विचारलं काय आणि सांगितलं काय. रात्री सगळीकडे अंधार आणि फक्त धावपट्टीचे दिवे असतील तर आपण फार उंच आहोत असं वाटतं, पायलट खाली खाली येत जातो आणि पट्टीच्या अलीकडेच टेकतो. हा ‘ब्लॅक होल’, आणि रात्रीच्या लँडिंगमध्ये मला सर्वांत जास्त भीती याचीच. अरुंद पट्टी असली तरी तसंच, उंच असल्यासारखं वाटतं. रुंद असली तर उलट. पट्टीला चढ असेल तर पुन्हा उंच. समृद्धी महामार्गावरून उतरून गावच्या रस्त्याला लागलं की चाळीसचा वेग बैलबंडीसारखा वाटतो ना, मेंदूचा हिशोब तसाच असतो, सवयीच्या मापाने मोजायचं. अंधारात एकाच दिव्याकडे टक लावली तर काही वेळाने तो दिवा हलायला लागतो. गावातल्या निम्म्या भुतांचा जन्म असाच झालाय असं माझं ठाम मत आहे. आणि अंधारात जोरात वेग वाढवला की नाक वर उठल्यासारखं वाटतं, माणूस ते खाली दाबतो. 2000 साली बहरीनजवळ गल्फ एअरचं विमान लँडिंग सोडून पुन्हा वर निघताना याच भ्रमात समुद्रात गेलं. 143 माणसं.

मग करायचं काय? धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची ओळ असते, पापी म्हणतात तिला (हसू नका, मामा अजून हसतो). दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली आलात. डोळे काहीही सांगोत, दिवे ऐकायचे. बाकी वेळ यंत्रं.

आणि इथंच माझं मामाशी भांडण आहे, कारण तो म्हणतो "डोयानं पाह्यलं ते खोटं कसं असीन?" दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याला गावातल्या सेतू केंद्रात नेलं. चुलतभाऊ चालवतो, तिथं एक फिरती खुर्ची आहे. मामाला बसवलं, त्याच्याच दुपट्ट्याने डोळे बांधले, आणि अगदी एका लयीत डावीकडे फिरवत राहिले. सांगितलं, ज्या बाजूला फिरतोय तिकडे बोट दाखवा. आधी बोट बरोबर डावीकडे. मग बोट सैल झालं. मग खाली आलं. "थांबोली काऊन वं?" खुर्ची फिरतच होती. प्रिंटरपाशी उभी पोट्टी तोंडावर हात धरून. मग मी खुर्ची खरंच थांबवली. मामाने खाडकन उजवीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे पकडले. "आता उलटी काऊन फिरवून राह्यली वं?" दुपट्टा सोडला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर त्याला पळताना दिसत होतं.

मी म्हटलं, मामा, हाच तुमचा चकवा. माझाही हाच. तो काही बोलला नाही, पाणी मागितलं.

एक गोष्ट मात्र मामाच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, चकवा लागला की चालू नये, आहे तिथं बसावं, उजाडू द्यावं. हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. जाणीव खोटी ठरली की तिच्यामागे चालायचं नाही. मामाने त्या रात्री तो पाळला नाही एवढंच.

आणि दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर कुणीतरी खाली येऊन लिहीलच. यंत्रही खोटं बोलतं. 1 जानेवारी 1978, मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’, बोइंग 747. रात्र, समोर काळा समुद्र, क्षितिज नाही. कॅप्टनसमोरचा इंडिकेटर बिघडून उजव्या कलावरच अडकला. त्याने विमान डावीकडे वळवत नेलं, ते वांद्र्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात पडलं. 213 जणांपैकी कुणी वाचलं नाही. म्हणून एकाच काचेवर विश्वास नाही. शेजारच्या पायलटसमोरचं यंत्र, मधलं राखीव यंत्र, तिन्ही ताडून बघायची, आणि दोन जे सांगतील ते ऐकायचं. मी वर एवढं छातीठोक लिहिलंय त्यात हे आधीच यायला हवं होतं.

तर तुम्ही (किंवा ज्यांच्यासाठी विचारताय ते) पायलट व्हा की नका होऊ, पैसे आहेत का ते आधी बघा, कारण 200 तास उडवायला लागतात आणि ते फुकट होत नाहीत. फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या, आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा चालतो. रंग नीट ओळखता यायला हवेत, लाल-पांढऱ्यावर जीव असतो. गावात वाट चुकता का, हे तिथं कुणी विचारत नाही. माझ्या अनुभवात ज्यांना आपल्या अंदाजाचा फार अभिमान होता, त्यांनाच हूडखाली (बाहेरचं दिसू नये म्हणून सरावात डोक्याला लावतात ती झापड) सर्वांत जास्त त्रास झाला. मुलगे होते बहुतेक, पण आमच्या बॅचमध्ये मुली मोजून दोन, त्यामुळे यावरून सिद्धांत मांडत नाही.

मामा अजूनही म्हणतो की त्या खुर्चीचंच बेअरिंग बिघडलेलं होतं. ती खुर्ची सेतू केंद्रातच आहे. दारव्ह्याकडे आलात तर बसून बघा.