‘मॅडम, पहिल्या दिवशी काय बोलायचं?’

"यायचं तर आहे, पण आल्यावर बोलायचं काय?" हा प्रश्न फोनवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या समुपदेशन केंद्राखाली गाडी लावून, जिना न चढता परत गेलेलेही काही कमी नाहीत.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचे एक दिवाणजी असेच दोनदा परत गेले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिसऱ्यांदा वर आले, पण हेल्मेट मांडीवर घेऊनच बसले. पट्ट्याचा चाप सारखा उघड-मीट, टक टक. चहा निवून गेला.

"लिहून आणलंय." दोन्ही बाजूंनी भरलेला फुलस्केप, मुद्द्यांना नंबर घातलेले. दुसऱ्याच मुद्द्याला आवाज चिरकला. कागद घडी होऊन खिशात गेला.

"राहू दे मॅडम. नीट सांगताच येईना."

"नीट म्हणजे कसं?"

"पहिल्यापासून, क्रमानं सांगितलंच पाहिजे की. आणि रडायचं तर नाहीच."

"तीन 'च' झाले बघा," मी म्हटलं. "दुकानात कीर्द लिहिता, तेव्हा सगळं क्रमानंच येतं का?"

चाप थांबला. "छे! दिवसभर कच्च्या चिठ्ठ्या. लावायचं ते संध्याकाळी." मग जरा वेळानं, "म्हणजे इथं कच्चं चालतं?"

आणि मग चाळीस मिनिटं ते बोलले. उलटसुलट, मधेच रडत.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीनं काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडली. माणसाला प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा स्वतःचा हट्ट जास्त छळतो, हे तिचं मर्म. आपल्याकडे हा हट्ट एका अक्षरात सापडतो, 'च'मध्ये. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, समोरच्यांचं ऐकता ऐकताच सापडलं. पहिल्या भेटीआधी छातीत धडधडतं. धडधडू दे. 'धडधडताच कामा नये' म्हटलं की धडधड दुपटीनं वाढते.

खरं तर पहिल्या दिवशी बरंचसं मीच विचारते. झोप कशी आहे, घरी कोण असतं, हे कधीपासून. नको वाटलं तर "हे आज नको" म्हणा, एवढं पुरतं. फी आणि माझं शिक्षण बेधडक विचारा. घरी कळेल का? मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो, मीही तोच नियम पाळते. जिवाला धोका असेल तर मात्र गप्प बसता येत नाही, आणि हे मी सुरुवातीलाच सांगते. माझ्याशी सूर जुळला नाही तर दुसरीकडे जा, मला राग येत नाही. (पूर्वी यायचा.) जिना चढवतच नसेल तर आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलून बघा. मराठीत, मोफत, चोवीस तास.

दिवाणजींनी पुढच्या वेळी कागद आणला नाही. हेल्मेट चौथ्या भेटीतही मांडीवरच होतं. असू दे म्हटलं.