निकाली खेळ, गड्या

चि. पठ्ठ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला, गाणंही ऐकलं. वस्ताद म्हणतात एकतर मोबाईल ठेव नाहीतर लंगोट ठेव. गावाकडून वडील दूध-बदामाला पैसे पाठवतात, त्यांना वाटतं पोरगं नुसतं जोर-बैठका मारतंय. आणि रात्री तुझ्या वहीत कडवी उतरतात. मग कुस्ती सोडू का रॅप सोडू, असं मला विचारतोस.

कोल्हापुरात राहून हा प्रश्न पडतोच कसा? खासबागच्या कुस्ती मैदानात जाऊन उभा राहा जरा. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा रोमचं कलोसियम बघून आले, आणि १९१२ मध्ये आपलं मैदान उभं राहिलं. त्याला पाठ लावून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर झालं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. इकडं माती, तिकडं गाणं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह जळालं, तेव्हा माझ्यासारख्या मातीतल्या माणसालाही घरचं कुणी गेल्यासारखं झालं. राजानं दोन्ही शेजारी बांधलं, आणि तू दोन्हीतलं एक निवडत बसलास. दोन्ही कर. वस्तादांशी मी बोलतो.

मला खटकलं ते वेगळंच. गाण्यात तू स्वतःला खासबागचा वाघ म्हणवतोस. खासबागेत तुझी कुस्ती अजून लागलेली नाही. समोरच्याला अस्मान दाखवतोस, पण तो समोरचा कोण? त्याला नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. उलटं उत्तर द्यायला कुणी उभाच नसेल, तर ती नुरा झाली, आधीच ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. कुस्ती असो नाहीतर गाणं, निकाली खेळ, हार-जीत लागेपर्यंत. मला एवढंच सांगायचंय, आणि तुझ्या डोक्यात शिरेपर्यंत सांगणार आहे.

बढाई मारू नको असं म्हणत नाही हं. तू ज्या अमेरिकेचं रॅप ऐकतोस, तिथल्या बढाईची एक मुळी कुस्तीतच आहे. १९६१ मध्ये लास व्हेगासला कॅशियस क्ले नावाच्या तरुण बॉक्सरला गॉर्जस जॉर्ज हा पैलवान भेटला. सोनेरी कुरळे केस, भरजरी झगे, रिंगणात अत्तराचा फवारा, आणि तोंडाला लगाम नाही. त्याच्या धंद्यात निकाल आधीच ठरलेला असायचा. पण त्याला हरताना बघायला लोक तिकिटं काढायचे. क्लेनं ते बघितलं आणि उचललं. तो यमकात बोलायचा, कितव्या फेरीत पाडणार ते आधीच जाहीर करायचा. १९६२ मध्ये आर्ची मूरला चौथ्या फेरीत पाडीन म्हणाला आणि चौथ्यातच पाडलं. पुढं तो मुहंमद अली झाला, आणि रॅप करणारे आज त्याला आपल्या पूर्वजांत धरतात. बोलणं त्यानं नुरा खेळणाऱ्याकडून घेतलं, पण बोललेलं सगळ्यांदेखत खरं करून दाखवलं. तुझ्या गाण्यात फक्त पहिली अर्धी गोष्ट आहे.

आणि रॅप काही बंद खोलीत जन्मलेलं नाही. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, सेजविक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवत होता. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्यातला नुसता ढोलाचा तुकडा तो लांबवत न्यायचा, कारण लोक तेवढ्यावरच बेभान नाचतात हे त्यानं हेरलं होतं. कुस्ती रंगली की आपला हलगीवाला लय वाढवतो, तशातली ही गत. माईकवर त्याचा जोडीदार कोक ला रॉक दोस्तांची नावं घेऊन त्यांना चेतवायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून समोर माणसं होती. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये बिझी बी नावाचा रॅपर लोकांना हसवून, ओरडायला लावून मैदान मारून जात होता. कूल मो डी हा दुसरा रॅपर उठला आणि थेट त्याच्यावरच कडवी टाकली, त्याच्या देखत. त्या रात्रीपासून रॅपमधल्या सामन्याची रीतच पालटली, असं जाणकार सांगतात.

आपल्याकडं हे नवं आहे का? शाहिरांच्या सामन्यात कलगीवाले शक्तीची बाजू घ्यायचे, तुरेवाले शिवाची. सवाल टाकायचा, जवाब घ्यायचा, रात्र सरायची. डफ-तुणतुण्यावर समोरच्याला कोड्यात अडकवणारे शाहीर तुझ्या मातीत झाले, आणि तू हेडफोन लावून भिंतीला आव्हान देतोस!

वर म्हणतोस, पैसे दिले की व्ह्यूज वाढवून देणारा एकजण भेटलाय. अरे, हीच ती नुरा! इनाम आधी वाटून घ्यायचं आणि मग माती अंगाला लावायची.

आता माझं ऐक. ऐन उमेदीत एका जत्रेच्या मैदानात माझी मोठी कुस्ती ठरली. आदल्या रात्री निरोप आला, वीसएक मिनिटं झुंजा, मग बरोबरीत सोडवतो, इनाम दोघांना सारखं. समोरचा तयार होता. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सलामी देताना त्याच्या कानात सांगितलं की मी खरी खेळणार, तूही खेळ. तो खेळला. मी खाली गेलो, त्यानं घिस्सा डाव मारला आणि माझी पाठ लागली. त्यानंतर त्या भागातून मला बोलावणं येईनासं झालं. पुढं गुडघाही गेला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्या पैशांत वेळेवर झालं असतं, ही बोच आहे आणि मरेपर्यंत राहील. घरातले अजून मला हट्टी म्हणतात. असेन. पण आज कुणी तोच निरोप आणला, तरी मी नाहीच म्हणेन. माझी पाठ कशी लागली ते मला आजही पक्कं ठाऊक आहे. खाली गेल्यावर उजवा हात मी मोकळा सोडला होता. पुढं तालमीत पोरांना मी घिस्स्याची तोड शिकवली ती त्या हरण्यातून. बरोबरीत सोडवून घेतली असती तर पोरांना शिकवायला माझ्याकडं काय होतं?

निकाल टाळणारा काही वाचत नाही. १९१० मध्ये लंडनला आपल्या गामा पैलवानाच्या समोर पोलंडचा झिबिस्को दोन तासांहून जास्त वेळ जमिनीला पोट लावून पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळाला दोघं परत भिडले, आणि मिनिटाच्या आत झिबिस्को चीत.

तुझ्या शेवटच्या कडव्यात 'खाशाबाचा वारस' आहे. नाव घेतलंस ते बरं केलंस, पण पूर्ण घे. राजाराम कॉलेजचा हा पोरगा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्याच कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन आले. त्यांचं हरणंही नोंदलेलं आहे, म्हणून पदकाला एवढं वजन. तुझ्या गाण्यात तू एकदाही हरत नाहीस. मला ते पटत नाही, आणि तालमीतल्या पोरांना तर मुळीच पटणार नाही. त्यांनी तुला रोज लढतीत पडताना बघितलंय.

म्हणून रविवारी सकाळची मेहनत झाली की माझ्याकडं ये. इचलकरंजीचा एक पोरगा बघून ठेवलाय. मराठीतच म्हणतो, आवाज तुझ्यापेक्षा बारीक, पण जवाब जागेवर देतो. तुझं गाणं मी त्याला ऐकवलंय, तुझ्यावर कडवी घेऊन यायला सांगितलंय. तूही तयारीनं ये. बीट-बिट काही नको, हलगीवाला मी बोलावलाय. तालमीतली पोरं बसतील. वस्तादांना निरोप धाडलाय. ते हो म्हणाले नाहीत, पण नाही असंही म्हणाले नाहीत. मोबाईलवर कुणी काही उतरवून घ्यायचं नाही, मी सगळ्यांना बजावणार आहे. जो अडकेल त्यानं सगळ्यांसमोर हरलो म्हणायचं, आणि पुढच्या रविवारी परत यायचं.

त्याआधी आज रात्री वडिलांना फोन कर. वहीचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.

तुझा,
काका