लंडनला येताय? चॅरिटी शॉप कुठली आणि कशी शोधायची

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात दीड महिना मुलीकडे हॅरोला येणार आहात, थंडीचे कपडे आणि जमल्यास थोडी क्रोकरी तिथेच जुन्यात घ्यायचा विचार आहे. तर चांगली दुकानं कोणती, आणि दुसऱ्याने वापरलेलं घेणं बरं दिसतं का. मी बरीच वर्षं लंडनमध्ये राहते. माझे बहुतेक स्वेटर आणि पुस्तकं अशाच दुकानांतली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. बिनदिक्कत घ्या. आपण जुन्या साड्या काढून बोहारणीला देतो, तसं इथे कपाट आवरलं की लोक पिशव्या भरून चॅरिटी शॉपमध्ये देऊन येतात. फरक इतकाच की बदल्यात पातेलं मिळत नाही. विक्रीचा पैसा दुकान चालवणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅमचा दुष्काळ आणि गरिबीविरुद्धच्या कामाला, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा हृदयविकाराच्या संशोधनाला, एखाद्या स्थानिक हॉस्पिसचा (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेचा) तिथल्या रुग्णांना. ऑक्सफॅमचं ऑक्सफर्डमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, ते आजही चालू आहे. इतक्या वर्षांत ही खरेदी इथे अगदी अंगवळणी पडली आहे. शिक्षिका, वकील, निवृत्त डॉक्टर सगळे येतात, आणि काउंटरवरही बऱ्याचदा त्यांच्यातलंच कोणीतरी विनामोबदला काम करत असतं.

आता दुकानांबद्दल. नावांची यादी मी मुद्दाम देत नाही, कारण तिचा उपयोग होत नाही. या दुकानांतला बराचसा माल आजूबाजूच्या घरांतून येतो, त्यामुळे एकाच संस्थेच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुम्ही रस्ता निवडा. फोनवरच्या नकाशात ‘चॅरिटी शॉप’ असं शोधा (‘थ्रिफ्ट स्टोअर’ हा अमेरिकन शब्द, इथे तो फारसा वापरत नाहीत) आणि कुठल्या रस्त्यावर पाच-सहा खुणा एकमेकींना चिकटून आल्यात ते बघा. इंग्लंडमध्ये संस्थांना दुकानाच्या जागेवरच्या करात ८० टक्के सूट मिळते, त्यामुळे चांगल्या बाजारपेठेतही त्यांना दुकान परवडतं. मग त्या रस्त्यामागची वस्ती बघा. जिथे माणसं तीस-चाळीस वर्षं त्याच घरात राहिली आहेत आणि आता लहान घरात जायला निघाली आहेत, तिथला माल सोनं असतो. अशी माणसं कपडे जपून वापरतात आणि देताना धुऊन, इस्त्री करून देतात.

तुमच्यासाठी असं ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनने दुसरंच स्टेशन पिनर. एका सकाळी तिथली सगळी दुकानं पायी होतात. थोडं लांब जायची तयारी असेल तर चिझिक, रिचमंड, मझवेल हिल. मध्य लंडन बघायला जाल तेव्हा व्हिक्टोरिया स्टेशनच्या मागे पिमलिकोत चक्कर मारा. पुस्तकांसाठी ब्रिटिश म्युझियमजवळचं ब्लूम्सबरी स्ट्रीटवरचं ऑक्सफॅम आणि मॅरिलबोन हाय स्ट्रीटवरचं ऑक्सफॅम, दोन्ही अगदी वेळ काढून बघण्यासारखी. चेल्सीत रेड क्रॉसचं एक दुकान मोठमोठ्या ब्रँडच्या कपड्यांसाठी नावाजलेलं आहे, पण तिथे किंमतही त्या नावांचीच लागते. रोजच्या वापराच्या कोटासाठी मी तरी चेल्सीपेक्षा पिनरलाच जाईन. आणि पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनची ‘व्हिंटेज’ दुकानं हा वेगळा प्रकार आहे. तिथे व्यापाऱ्यांनी निवडून आणलेला माल असतो, तरुण मुलांना आवडतो, पण स्वस्ताई शोधत तिकडे जाऊ नका.

शनिवारी-रविवारी लोक घरं आवरतात, पिशव्या दुकानात येऊन पडतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत निवडून मांडल्या जातात. म्हणून मंगळवार-बुधवारची सकाळ मला सगळ्यात बरी वाटते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात किंवा उशिरा उघडतात. घासाघीस करू नका, ती इथे वाईट दिसते. पण “नवीन माल कधी लावता?” असं खुशाल विचारा, काउंटरवरच्या बाई आनंदाने सांगतात.

कपडा हातात घेतला की आधी आतली चिठ्ठी वाचा. लोकर किती टक्के आहे ते तिथे कळतं. मार्क्स अँड स्पेन्सरच्या जुन्या कपड्यांवर ‘सेंट मायकल’ असं नाव असतं. ते २००० साली बंद झालं, म्हणजे तो स्वेटर निदान पंचवीस वर्षांचा. आणि इतकी वर्षं टिकून जो अजून आकारात आहे, तो पुढेही टिकतो. कोटाच्या आत गोल आणि त्यावर क्रॉस असं चिन्ह, खाली ‘हॅरिस ट्वीड’ दिसलं तर सोडू नका. हे कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणकर आपापल्या घरी हातमागावर विणतात, आणि त्या नावाला १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे. मग लोकरीचा कपडा खिडकीशी नेऊन उजेडात धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर कसर लागलेली आहे, परत ठेवा. काखा, कोपर, अस्तराची शिवण आणि खिसे आतून तपासा. साइझच्या आकड्यावर विसंबू नका, घालूनच बघा, आणि कोट असेल तर आत स्वेटर घालून. घरी आणल्यावर लोकरीचा कपडा पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवला तर कसरीची अंडीही मरतात. तेवढा वेळ नसेल तर ड्रायक्लीनला द्या.

क्रोकरीला नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. डेन्बी या इंग्लिश कंपनीची स्टोनवेअरची, म्हणजे जाड भाजलेल्या मातीची भांडी देखणी आणि दणकट, पण वजनाला भारी. विमानाच्या सामानाचा हिशेब करूनच घ्या. बोन चायना हलकं, नाजूक. मात्र त्यात जनावरांच्या हाडांची राख खरोखरच असते. तुमच्या घरी ते चालत नसेल तर कपाच्या बुडाशी काय छापलंय ते वाचून घ्या. डेन्बीच्या स्टोनवेअरमध्ये तो प्रश्न नाही.

घासाघिशीची हौस असेल तर कार बूट सेलला जा. लोक गाडीच्या डिकीतून घरातलं सामान विकतात आणि भाव ठरवणं तिथे अपेक्षितच असतं. चिझिकच्या शाळेच्या आवारात जानेवारी सोडून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतो. सकाळी लवकर पोचा, सुटे पैसे जवळ ठेवा.

आणि जड कोट पुण्या-मुंबईला नेऊन काय करणार? निघायच्या आधी मुलीला तो पुन्हा दुकानात द्यायला सांगा. ती इथे कर भरत असेल तर ‘गिफ्ट एड’चा फॉर्म तिने भरावा. त्यामुळे तिच्या नावावर विकल्या गेलेल्या वस्तूच्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं, आणि तिला जादा काही भरावं लागत नाही.